नायगावच्या दयाळाची मी केलेली फसवणूक

आमच्या गिरगावातल्या गॅलरीसमोर महिनाभर दोन दयाळांची हद्दीवरून जुंपली आहे. दयाळ म्हणजे तो काळापांढरा, शेपटी उभी करून फिरणारा नखरेल पक्षी. एकाने डिश अँटेनावरून शीळ घातली की पिंपळावरचा दुसरा तीच उचलतो आणि पुढे स्वतःची तान जोडतो. पहाटे साडेपाचला सुरू! नवरा उशीत डोकं खुपसून म्हणाला, "अगं बाई, दुसरीकडचे दयाळ ऐकायला जा ना कधीतरी." मग काय, रविवारी निघालेच.

जाणार असाल तर पहिलीच बस पकडा. तिकीट किरकोळ, रस्ते मोकळे. आठनंतर हॉर्नपुढे कुणाचंच गाणं टिकत नाही. लालबागला मिलच्या जुन्या भिंतीवर दोघे दयाळ भेटले. एकाचं संपायच्या आत दुसरा मध्येच तोंड घालत होता, म्हणजे प्रकरण तापलेलं. तिथेच गरमागरम वडा-उसळ हाणली आणि चालत नायगावला आले.

बीडीडी चाळीत पाहते तर काय, स्कूटरच्या आरशांना चक्क मोजे घातलेले! तळमजल्यावरच्या सुनंदाताई दारात तांदूळ निवडत होत्या.

"हा काय प्रकार, ताई?"

"अगं, हा दयाळ आरशात स्वतःलाच बघून भांडत बसतो मेला. घरी पिल्लं उपाशी." त्यांनी भिंतीतलं भोक दाखवलं. "आमची चाळ पाडणार आहेत. पुढच्या महिन्यात खोली सोडायची. तोवर ही उडाली म्हणजे मिळवलं."

आणि मी अतिशहाणीने काय करावं? मोबाईलवर घरी टिपलेलं आमच्या गिरगावच्या दयाळाचं गाणं लावलं! चोचीत अळी घेऊन आलेला बाप थबकला. अळी टाकून तो गायला लागला, मग गाणंही सोडून नुसतं चर्र चर्र करत माझ्या डोक्यावर झेपावला. मी खूश, दुसऱ्या हातातल्या रेकॉर्डरवर सगळं टिपतेय.

"बंद कर आधी ते!" ताई ओरडल्या. "तोंडातला घास टाकला त्याने, दिसलं नाही तुला?"

मी बंद केलं. पण त्याला कोण सांगणार? नसलेल्या शत्रूला शोधत तो अर्धा तास पत्र्यांवर फिरत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी चहा दिला, तो हातात धरून मी पत्र्यांकडेच बघत बसले. शेवटी तो नवी अळी घेऊन भोकात शिरला, तेव्हा कुठे आम्ही दोघी हसलो. निघताना एकमेकींचे नंबर घेतले.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. त्या चर्र चर्रच्या मागे बारीक चिवचिव होती, पिल्लांची. तिथे उभी असताना ती माझ्या कानावरच आली नव्हती.

मोबाईलवरचं ते गाणं मी त्याच दिवशी पुसून टाकलं. आमच्या स्कूटरच्या आरशांनाही मोजे चढले. नवरा अजून जोडी शोधतोय.

तीन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. मागे भांड्यांचा खणखणाट. "चारही उडाली गं! आता आमचा टेम्पो खुशाल येऊ दे."