नलूचा आठ

शेवटच्या भेटीत नलूनं मला एकच प्रश्न विचारला आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. वर्ध्याच्या दवाखान्यात ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. तिची मुलगी छाया चहा आणायला खाली गेली होती. नलू डोळे मिटून पडलेली; मला वाटलं, झोप लागली. मग तिचं बोट पांघरुणावर फिरलं... वरून खाली, वळसा घेऊन शेवटापर्यंत, आणि त्याच वाटेनं परत वर. म्हणाली, "भाऊ, तुले माहीत होतं ना?" कशाबद्दल, असं मी विचारलं नाही. वीस वर्षांपासून मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. "नाई," मी म्हणालो. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. तेवढ्यात छाया आली, कपबशा वाजल्या, पावसाच्या गोष्टी निघाल्या. त्याच आठवड्यात तिला अल्लीपूरला घरी नेलं आणि पाठोपाठ ती गेल्याचा निरोप आला. मी दाढी करत होतो. अर्धा गाल तसाच ठेवून निघालो. तिच्या दारात पोहोचल्यावर कुणीतरी टॉवेल हातात दिला तेव्हा गालावरचा साबण लक्षात आला.

नलू माझी आतेबहीण. अल्लीपूरच्या शाळेतल्या बाई म्हणून ज्यांनी तिला पाहिलं, त्यांना खरं वाटणार नाही. पण पन्नास सालानंतरच्या काही वर्षांत स्केटिंग करणारी पोरगी म्हणून तिचं नाव हिंगणघाटपासून वर्ध्यापर्यंत झालं होतं. आत्या वर्ध्याच्या रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन गार्डाच्या घरी कामाला होती. त्या घरच्या मुलीबरोबर खेळता खेळता नलू चाकांवर उभी राहायला शिकली. ते कुटुंब परदेशी गेलं तेव्हा मुलीनं आपले जुने स्केट्स तिला दिले. लोखंडी चाकांचे, चामड्याच्या पट्ट्यांनी पायाला बांधायचे. आमच्याकडे सगळे त्यांना चाकाचे जोडे म्हणत. आत्याचं काम गेलं, तशी ती नलूला घेऊन हिंगणघाटला आमच्या घरी आली. पेटीत दोन लुगडी, एक पितळी डबा आणि ते जोडे.

माझे वडील, बाबा, गावातल्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गोदामाचे कारकून होते. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग बंद आणि तिथल्या शेडमधली सिमेंटची लांबलचक फरशी मोकळी. हंगामात तिच्यावर कापसाच्या गंज्या लागत, बैलगाड्या रिकाम्या होत; उन्हाळ्या-पावसाळ्यात नुसती पाखरं. बाबांकडे शेडची चावी असे. ती ते खिळ्यावर दाते उजवीकडे येतील अशीच लावत. एके दिवशी चावी डावीकडे तोंड करून लटकलेली दिसली. बाबांनी कुणाला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी दुपारच्याले कुठं जाते, पाह्य जरा. कोणाले सांगू नोको."

आमच्या घरात संशयाला कधी आवाज नसे. तो असा खालच्या सुरात, एकाकडून दुसऱ्याकडे सोपवला जाई. मी नागपूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि सुट्टीला घरी आलेलो. मला ती कामगिरी आवडली, हे कबूल करतो. नलूच्या गुडघ्यांवरचे ओरखडे, केसांत अडकलेली सरकी, अंगाला येणारा तेलाचा वास... हे सगळं जोडून मी एक पुरुषही मनात उभा केला होता. शेडच्या टिनाच्या दाराला कान लावला तर आतून घर्र आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. फटीतून पाहिलं. आत ती एकटीच होती. आत्यानं जपून ठेवलेला नवऱ्याचा पायजमा चढवलेला, कमरेला ओढणी आवळलेली, एक पाय मागं उचलून ती त्या लांब फरशीवरून अशी येत होती, जणू तिला कुणी दोरीनं ओढत आहे. दारापाशी येऊन थांबली.

"बाहीर काऊन उभा हायेस, भाऊ? अंदर ये ना. मामानं पाठवलं ना तुले?"

मी नाही म्हणालो. मी तिच्याशी बोललेलं पहिलं खोटं बहुधा तेच. ती हसली. म्हणाली, "मंग मामाले सांगजो, इथं कोणी नाई. उंदरं हायेत अन् मी."

बाबा पाहायला आले तेव्हा भांडण होईल असं वाटलं होतं. ते दारात उभे राहिले, तिनं फरशीची एक फेरी मारली, मध्यभागी गिरकी घेतली. बाबा म्हणाले, "हंगाम लागेपर्यंत." एवढंच. पण चावी त्यांनी खिळ्यावरून काढून खिशात ठेवायला सुरुवात केली आणि रोज जेवणानंतर तिच्या हातात देऊ लागले. पुढच्या दोन वर्षांत नलूनं वर्ध्याच्या शाळांच्या मेळाव्यात खेळ दाखवला, गावातल्या गणपतीसमोर दाखवला, एकदा पुलगावला दाखवून कप आणला. लोक टाळ्या वाजवत आणि घरी जाताना पायजम्याबद्दल बोलत. आई म्हणे, "टाळ्यावाल्याईतला एक तरी सून करीन का इले?"

नागपूरच्या एका क्लबात स्केटिंगची स्पर्धा भरते हे मीच शोधून काढलं. कॉलेजच्या रस्त्यावर बोर्ड दिसला. मुलींसाठी वेगळा गट होता, आणि पहिल्या तिघींना वर्षभर क्लबाच्या लाकडी फरशीवर सराव करायची मुभा मिळणार होती. मी आत गेलो. तिथला सेक्रेटरी इंग्रजीत सुरू झाला, माझा चेहरा पाहून हिंदीवर आला. म्हणाला, नाच-गिरकी नंतर, आधी आकृती. "आठ बनाना है। एक पाँव पर। और लकीर पे लकीर आनी चाहिए, समझे?" मी समजलो म्हणालो आणि घाईनं बाहेर पडलो. हिंगणघाटला येऊन नलूला शब्दशः सांगितलं. एका पायावर आठ काढायचा, रेघेवर रेघ.

पुढच्या सुट्टीत आलो तर फरशीवर गेरूनं काढलेला आठ होता. आपला, मराठी आठ. वरून निघणारा, पोट बाहेर काढून वळणारा, खाली उजवीकडे शेपूट सोडून देणारा. नलूला इंग्रजी आकडे ठाऊक नव्हते असं नाही. पण आठ म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे तोच आला, जसा तुमच्या-माझ्या येतो. अडचण अशी होती की हा आठ उघडा. सुरुवात आणि शेवट कुठंच भेटत नाहीत, मग रेघेवर रेघ येणार कशी? तिनं त्यावर स्वतःच तोड काढली होती. शेपटाच्या टोकाला पोचलं की त्याच पायावर जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्यायची आणि आलेल्या रेघेवरून पाठमोरं परत जायचं. "हे पाह्य भाऊ," असं म्हणून तिनं करून दाखवलं. परतताना तिचं चाक रेघेबाहेर गेलं, ती पडली, उठली, पुन्हा केलं.

त्याच वेळी माझ्या मनात आलं होतं... हा तो आठ नसेल तर? सेक्रेटरीनं हात हवेत फिरवून दाखवला होता आणि त्याच्या हातानं दोन गोल काढले होते, एकाला एक चिकटलेले. ते मला तेव्हाही आठवलं, आत्ताही आठवतं. मी नागपूरला परतल्यावर क्लबाच्या फाटकापर्यंत गेलो. आत कुणीतरी इंग्रजीत हसत होतं. पुन्हा तेच विचारायला गेलेला खेडवळ पोरगा, असं माझं रूप मला दिसलं आणि मी तसाच फिरलो. एवढंच असतं तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण दिवाळीत बाबांनी मला पुन्हा बाजूला घेतलं. अल्लीपूरचं स्थळ आलं होतं. "नागपूरले घेऊन जा तिले. एकदाच. जिंकली तं पाहू. हारली तं विषय खतम, तिनं कबूल केलं हाये." त्या रात्री जेवताना नलू आठाबद्दलच बोलत होती आणि मी मान खाली घालून जेवत होतो. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की, थांब, मी एकदा विचारून येतो. मी म्हटलं नाही. लाजेनं म्हटलं नाही, की घरातला प्रश्न परस्पर सुटेल म्हणून, की आमच्या घरातल्या टाळ्या सगळ्या तिलाच मिळत होत्या म्हणून... हे मी आजवर ठरवू शकलो नाही. स्वतःवर संशय घेण्याचं एक वाईट असं की, साक्षीदारही आपणच असतो.

हंगाम लागला, फरशीवर गंज्या चढल्या. नलू भिंतीच्या कडेनं उरलेल्या पट्टीत सराव करायची. आठ मावेना तेव्हा लहान आठ काढायची. थंडीत आम्ही नागपूरला गेलो. क्लबाच्या फरशीवर खडूनं खुणा केल्या होत्या. पहिली मुलगी उतरली आणि तिनं एकाला चिकटून एक असे दोन गोल काढले. दुसरीनंही तेच. मी भिंतीजवळ उभा होतो; नलू समोरच्या बाकावर पट्टे आवळत होती. तिचे हात थांबले. तिनं मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. मी त्या क्षणी आश्चर्याचा चेहरा करायला हवा होता, खऱ्या अजाण माणसाचा झाला असता तसा. मी खाली पाहिलं.

तिचं नाव पुकारलं. दोन गोल तिला जमलेच नसते असं नाही. उघड्या आठापेक्षा ते सोपेच. पण तिनं तसं केलं नाही. मध्यभागी गेली, हात पसरले आणि आपला आठ काढला. वरून निघाली, पोटाशी वळली, शेपटाच्या टोकाला एका पायावर पूर्ण गिरकी घेतली आणि पाठमोरी, मान खांद्यावर वळवून, निघाली तिथं परत आली. लोक हसले. तिघा परीक्षकांतले एक म्हातारे गृहस्थ उठून फरशीवर वाकले आणि चष्मा काढून बराच वेळ पाहत राहिले. चाकांची रेघ एकच होती. त्यांनी इतर दोघांना काहीतरी सांगितलं, पण नियम नियमच. "फिगर गलत है," सेक्रेटरी म्हणाला आणि तिला पुढच्या नाचासाठी थांबवलंही नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. सिंदी स्टेशन गेल्यावर बाहेर पाहतच म्हणाली, "तुले इंग्रजी येते ना, भाऊ?"

"येते."

त्यानंतर तिनं त्या दिवसाचा विषय दवाखान्यापर्यंत काढला नाही. घरी मात्र शहरवाल्यांनी मुद्दाम पाडलं, असा सगळ्यांचा संशय पक्का झाला आणि मी तो पक्का होऊ दिला. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा भला निघाला. शाळामास्तर होता, तिला शिकवून त्यानं शिक्षिका केलं. जोडे कुठं गेले मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पण तिच्या प्रत्येक बोलण्यात मला टोचणी सापडे. माझ्या लग्नात पंगतीत ती वाढत होती, म्हणाली, "भाऊले आठ जिलब्या वाढा, मोजून." सगळे हसले, मी पानावर हात आडवा धरला. जमिनीच्या मोजणीचं काही निघालं की म्हणे, "भाऊले विचारा, त्याले आकडे समजतात." ती थट्टा होती की काय होतं? मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राही आणि तिथं काही सापडत नसे, म्हणून आणखी घाबरे. अल्लीपूरला जाणं मी कमी करत नेलं. तिला वाटलं असेल, भाऊ मोठा झाला.

तेरवीला गेलो तेव्हा पाहुणे पांगल्यावर मी छायाला सगळं सांगितलं. फाटकापासून परत आलो ते, दिवाळीतल्या जेवणातलं, दवाखान्यातलं "नाई" सुद्धा. सोळा-सतरा वर्षांची पोर. मला वाटलं होतं रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या मामा. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग तिलेच काऊन नाई सांगितलं?"

आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. तिथल्या एका भिंतीला काळा रंग देऊन नलूनं फळा केला होता. संध्याकाळी आळीतली पोरं अभ्यासाला यायची. शेवटचा लिहिलेला आठाचा पाढा तसाच होता, कुणी पुसला नव्हता. या खोलीत मी कितीदा बसलो असेन, पण फळ्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. बाकीचे आकडे बारीक, एका रेघेचे. आठ मात्र सगळे जाड, आणि प्रत्येकाच्या शेपटाच्या टोकाला एक टिंब... जिथं खडू जागच्या जागी फिरला होता.

छाया माझी नजर पाहून उठली. एक आठ पुसट झाला होता, त्यावर तिनं खडू ठेवला. "सारी शाळा असाच काढते," ती म्हणाली. "आई म्हणे, आठ नुसता काढून भागत नाई. वापस यावं लागते."

तिचा हात वळसा घेऊन खाली गेला, टोकाला थांबला, फिरला, आणि आलेल्या रेघेवरून हळूहळू वर येऊ लागला. मी खुर्चीच्या कडेला सरकून पाहत होतो, रेघ सुटते का. नाही सुटली.