शेवगावजवळच्या खाणीवर, आत्याबरोबर

"खानीत बोटी सोडल्यात म्हनं. तू गाडी घिऊन ये." फोनवर आत्याचा आवाज चढला होता. रविवारी सकाळीच मी पुण्याहून निघाले.

गयाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, निवृत्त अंगणवाडी सेविका. शेवगावजवळ तिच्या गावाबाहेर एक जुनी दगडखाण आहे. दीडएकशे वर्षांपूर्वी दुष्काळात इंग्रजांनी तिथे रस्त्यासाठी खडी फोडायला माणसं लावली. आमच्या घरातलीही होती. खाणीचा कडा त्यांच्यावर कोसळला. आत्या दरवर्षी तिथे मेणबत्ती लावते.

नगरपर्यंत रस्ता उत्तम. नाश्ता घोडेगावात करा. जनावरांचा बाजार असेल तर म्हशींच्या टेम्पोंमागे अडकायची तयारी ठेवा. पुढे शेवगावकडचा रस्ता अरुंद आहे, उसाच्या ट्रॉल्यांना मागे टाकायची घाई नको. घरी पोचल्यावर आत्याने मला पिठलं-भाकरी वाढली. स्वतः जेवली नाही.

खाणीला आता फाटक आहे. माणशी तिकीट, बोटीचे पैसे वेगळे. साठलेल्या पाण्यावर हंसाच्या आकाराच्या बोटी, स्पीकरवर धांगडधिंगा. फाटकाशी चकचकीत पाटी होती: दुष्काळात गोरगरिबांना काम देणाऱ्या साहेबाची ही ऐतिहासिक खाण. खाली साहेबाचं नाव, ठळक अक्षरांत. आत्याचा चष्मा घरीच राहिला होता; मी ती तिला वाचून दाखवली आणि वाचतानाच माझे कान तापले.

"आजी, तिकीट," मॅनेजर म्हणाला.

"आमची मानसं हायती आत. त्यांना भेटाया तिकीट?"

तो हसला. "आत फक्त बोटिंगचा स्टाफ आहे, आजी."

आत्या हसली नाही. "कडा खालून पोखरीत न्यायचे, म्हंजी वरचा दगुड आपसूक खाली यायचा. भेग पडल्याली समद्यांना दिसत हुती. मुकादम म्हनला, हात थांबला त्याला दाना न्हाई. माझ्या आजीची आजी तवा लेकरू, वर झाडाखाली बसल्याली. तिची आई खाली. कडा आला. मानसं काढली न्हाईत. बाजूला दुसरी खान धरली आन काम चालू. आन तुमी लिवता, काम दिलं?"

मॅनेजर वरमला. त्याने मालकाला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "फुकट सोड त्यांना. कोपऱ्यात बसू दे थोडा वेळ. फोटो काढू देऊ नको."

फुकट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तोवर आत्या फाटकातून आत गेलीसुद्धा. "फुकट न्हाई," ती मागे न बघता म्हणाली, "हक्कानं."

काठावर तिने मेणबत्ती लावली. वारा होता, मी ओंजळीचा आडोसा धरला. तिने त्रिसरण सुरू केलं, पण गाण्याच्या दणक्यात तिचा आवाज तिलाही ऐकू येत नसावा. लेकराला घेऊन बोटीत बसलेल्या एका बाईने ओरडून विचारलं, "काय चाललंय?" मीही ओरडूनच सांगितलं. तिने बोट काठाला लावली, लेकरू कडेवर घेतलं आणि थेट मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. "बंद करा ते गाणं. आत्ता."

गाणं थांबलं. आणखी एक-दोन बोटी काठाला आल्या. बाकीचे पायडल मारत राहिले.

खाली राहिलेल्या त्या आईचं नाव आत्याला माहीत नाही. कुणालाच नाही. "समद्या जनींसाठी," एवढंच म्हणून तिने हात जोडले. आम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत गाणं पुन्हा सुरू झालं.

पुण्याला परतल्यावर मी मालकाला पाटीबद्दल लिहिलं. उत्तर आलं: 'मजुरांचे कष्ट' असे शब्द घालू. कष्ट! माणसं मेली म्हणायला यांची जीभ रेटत नाही. मी पुन्हा लिहिलंय, लिहीत राहणार आहे. आत्याने आमच्या नातलग बायकांना गोळा केलंय. पुढच्या खेपेला त्या सगळ्या फाटकाशी उभ्या राहणार आहेत.

तुम्हीही जा. शेवगावहून रिक्षा मिळते. काठावर बसा, हवा तेवढा वेळ बसा. बोटीत मात्र बसू नका. तळाशी माणसं आहेत, त्यांना अजून कुणी वर काढलेलं नाही.