पाण्याखालची विहीर

आमच्या जुन्या गावाचा नकाशा मी सध्या संगणकावर करतोय. गाव धरणात गेलं, त्याला खूप वर्षं झाली. नकाशासाठी तयार कोडची एक फुकट मिळणारी लायब्ररी घेतली, तिच्यात एकेक घर, विहीर, पाणंद आखली, धरणाचं पाणीही. कशावरही क्लिक केलं की त्याची कड पिवळी व्हावी आणि दुसरीकडे केलं की आधीची पुसली जावी, एवढंच हवं होतं.

पण विहिरीवर क्लिक केलं तरी पिवळं व्हायचं ते धरणच. घरावर केलं तरी धरण. आई शेजारी शेंगा सोलत माझी चिडचिड बघत होती. दुपार गेल्यावर कळलं की क्लिक सगळ्यात वरच्या थरालाच लागतो, आणि पाणी वर मीच ठेवलं होतं.

आमच्या नव्या वसाहतीत जुन्या गावाला अजून 'खाली' म्हणतात. "खाली आपल्याकडं आंबा होता," असं आई सहज म्हणते, जणू जिना उतरलं की अंगण लागेल. लहानपणी मला ते खरंच वाटायचं.

पाण्याला क्लिक लागणार नाही अशी सोय केली आणि आईला विचारलं, "तुझी विहीर कुठली?"

तिनं चष्मा पुसून बोट दाखवलं. मी क्लिक केलं. निळ्या पाण्यात एक लहानसं पिवळं वर्तुळ उमटलं.

ती बघत राहिली. मी सवयीनं माऊस हलवला, तशी म्हणाली, "आता दुसरीकडं कुठं दाबू नकोस. परत जाईल ती."