बातमीखालचं नाव

दुबईजवळच्या अजमानहून हमरिया फ्री झोनच्या गोदामांकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. मी ज्या गोदामात लागलो तिथला वॉचमन, पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशातला. मी आठवीत शाळा सोडलेला, पहिल्या दिवशी पार घाबरलेलो. त्यानेच हाताला धरून मला बरोबर गेटवर उतरवलं.

बस सुटली की तो मोबाइलवर आपल्या देशातलं वर्तमानपत्र उघडायचा, पण वाचायचा नाही. भराभर खाली जाऊन एका नावावर अंगठा टेकवायचा, "अल्हम्दुलिल्ला" म्हणायचा आणि घोरायला लागायचा.

"अरे, खबर तो पढो," मी एकदा हसून म्हटलं.

"खबर में मिनिस्टर का चोरी है. मेरा छोटा भाई लिखता है. नाम छपा, मतलब अभी तक पकडा नहीं," तो इथेच शिकलेल्या हिंदीत म्हणाला.

"तो फोन करके पूछो ना."

"फोन पे तो सब ठीक ही बोलता है, हबीबी. तू अपनी माँ को क्या बोलता है?"

आदल्याच दिवशी तापाने फणफणत असताना मी आईला फोनवर म्हटलं होतं, "मजेत आहे."

नंतर एका सकाळी त्याचा अंगठा खालीवर फिरतच राहिला. नाव नव्हतं. गेट आलं तरी तो उठेना, तेव्हा मीच त्याला हाताला धरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून घेतले. इंग्रजी मला धड येत नाही, पण रोज बघून ते नाव ओळखीचं झालं होतं; एका बातमीखाली ते सापडलं.

"है, भाई," मी म्हटलं. "है."

त्याचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. गेट येईपर्यंत मी जागा राहिलो.