राखून ठेवलेला निर्णय

आम्ही दोघे सख्खे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत होतो ते एका खुर्चीमार्फत. पहिल्या वर्षी त्या खुर्चीत आमचे काका बसलेले असत. दुसऱ्या वर्षी ती रिकामी होती. आम्ही तरीही बोलत राहिलो.

भांडण कशावरून झालं ते विचारू नका. सांगितलं तर तुम्ही हसाल, आणि वर दादाची बाजू घ्याल.

काका हायस्कूलात शिक्षक होते. शिक्षक मतदारसंघातून एकदा विधान परिषदेवर निवडून गेले, सहा वर्षं राहिले आणि पुढच्या वेळी सपशेल पडले. मंत्रीबिंत्री काही झाले नाहीत. मात्र एका अधिवेशनात त्यांचं नाव तालिकेवर आलं. म्हणजे असं, की परिषदेचं कामकाज सभापती चालवतात, ते नसले तर उपसभापती, आणि दोघंही नसतील तर आधीच नेमून ठेवलेल्या चार-दोन सदस्यांपैकी कोणीतरी त्या उंच खुर्चीत जाऊन बसतं. काका असे काही वेळा बसले. बहुतेक दुपारी, जेवणानंतर, अर्धे बाक रिकामे आणि उरलेले पेंगत असताना. पण एकदा तिथे बसून आलेला माणूस पुरता खाली उतरत नाही, असं मला आता वाटतं.

निवडणूक हरल्यावर त्यांनी आमच्या घराचंच सभागृह केलं. तेव्हा आम्ही सगळे एकत्र होतो: आजी, आईबाबा, काकाकाकू आणि आम्ही दोघं. रविवारी जेवणं झाली की बैठकीच्या खोलीत काका आपल्या वेताच्या खुर्चीत बसत आणि त्यांची भाषा इस्त्री होऊन येई. एरवी "काहून गा, दूध नाही आणलं?" म्हणणारा माणूस तिथे "सन्माननीय सदस्यांनी दुधाबाबत खुलासा करावा" म्हणायचा. एकमेकांकडे बघून बोलायचं नाही, जे काय असेल ते खुर्चीला सांगायचं. मला दादाला गाढव म्हणायचं असेल तर "सभापती महोदय, थोरले सदस्य गाढव आहेत" असं म्हणावं लागे, आणि मग काका तो शब्द कामकाजातून काढून टाकत. खोलीतून जाताना खुर्चीकडे मान झुकवायची. माझी मुलं अजून झुकवतात. पाहुण्यांना वाटतं, पोरांची मान धरली आहे.

सभापती स्वतः चर्चेत पडत नाहीत, हे काकांनी फार मनावर घेतलं होतं. ते फक्त ऐकत. प्रश्न सोपा असला तर निकाल देत. अवघड असला तर डोळे मिटून म्हणत, "मी निर्णय राखून ठेवतो." सायकल माझी की दादाची, हा निर्णय आम्हा दोघांनाही ती लहान होईपर्यंत राखून होता.

एकदा त्यांनी मला समजावलं होतं की खालचं सभागृह पाच वर्षांनी बरखास्त होतं, परिषद कधीच होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, नवे येतात, सभागृह तसंच राहतं. "मी आत गेलो तेव्हा चालूच होतं, बाहेर आलो तेव्हाही चालूच." हे सांगताना ते खूश होते. मला मात्र त्या रात्री झोप लागली नव्हती. कधीच न संपणारं काहीतरी दर हिवाळ्यात आपल्या शहरात, आपल्या सायकलच्या टप्प्यात येऊन बसतं, हे मला आवडलं नव्हतं.

आमच्याकडचे सदस्यही निवृत्त होत गेले. आजी, मग बाबा, मग आई. दादा नंदनवनला राहायला गेला, मी मनीषनगरला. मागच्या हिवाळ्यात काका गेले. नवं कोणी आलं नाही. जुन्या घरात काकू एकटी राहिली, पण रविवार थांबला नाही, कारण थांबवा असं म्हणणार कोण? आम्ही जेवायचो, खुर्चीसमोर बसायचो आणि मी "सभापती महोदय" म्हणून घसा साफ करायचो. पन्नाशीचा, चष्मेवाला, बँकेतला माणूस. त्या खुर्चीचं विणकाम इतक्या वर्षांत खोल बसलं होतं. रिकामी असली तरी कोणीतरी नुकतंच टेकलंय असा खळगा. आणि वाईट हे, की बोलून झाल्यावर आम्ही दोघंही थांबायचो. निकाल येण्याइतका वेळ.

डिसेंबरात काकू अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आता ती या घरात एकटी राहणार की आमच्यापैकी कोणाकडे जाणार, हे त्या रविवारी ठरवायचं होतं. शहरात हिवाळी अधिवेशन चालू, त्यामुळे अर्धे रस्ते वळवलेले, मी कसाबसा पोचलो. दादा आधीच आला होता. काकू दिवाणावर, प्लास्टरचा हात उशीवर, डाव्या हातात मोबाईल. त्यावर आठवड्यातलं परिषदेचं कामकाज लावलेलं, आवाज बंद. उंच खुर्चीत तालिकेवरचे कोणी सदस्य होते.

"हे पाय, बसले तुहे काका," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. टक्कल, चष्मा, मिटल्यासारखे डोळे. मी हसलो. ती हसली नव्हती.

जेवणं झाली. दादाने खुर्चीला सांगितलं की नंदनवनचं घर तळमजल्यावर आहे, वहिनी दिवसभर घरी असते, काकूला जिना चढावा लागणार नाही. मी खुर्चीला सांगितलं की आमच्याकडे लिफ्ट आहे आणि दवाखाना कोपऱ्यावर आहे. दादा खुर्चीला म्हणाला की ज्यांची लिफ्ट महिन्यातून चारदा बंद पडते त्यांनी लिफ्टच्या गोष्टी करू नयेत. मी खुर्चीला म्हणालो की माझ्या लिफ्टचा हिशोब ठेवायला सदस्यांना वेळ कुठून मिळतो. मग दोघंही नेहमीसारखे निकालासाठी थांबलो.

यावेळी काकू बोलली. इतक्या वर्षांत त्या खोलीत ती कधी बोललेली मला आठवत नाही. ती वाढायची, पानं उचलायची आणि दाराशी उभी राहून ऐकायची.

"काहून गा, त्या खुर्चीले काहून विचारून राहिले तुम्ही? हात माहा मोडला."

दादा म्हणाला, "काकू, तुझ्यासाठीच तर."

"मी इथंच राहीन."

मी तिला रात्रीबेरात्रीचं सांगू लागलो. तिने मला थांबवलं. म्हणाली, ती इथे शिक्षिका असताना उमरेडच्या शाळेत तिला मुख्याध्यापिकेची जागा चालून आली होती. तिच्या माहेरच्या गावची शाळा. जाऊ का, असं तिने काकांना विचारलं. त्यांनी तो विषय रविवारी घेतला. आजी नको म्हणाली, बाबा जाऊ द्या म्हणाले, आई काहीच बोलली नाही. सगळ्यांचं ऐकून काकांनी डोळे मिटले.

मला तो रविवार आठवला. त्या दिवशी घरी तर्रीपोहे होते, एवढंच आठवलं.

"अन् मंग?" दादाने विचारलं.

"मंग काय. राखून ठेवला." ती खुर्चीकडे बघत होती. "मी वाट पायली. जागा गेली. मी काही भांडली नाही. मले वाटलं, सांगतील कदी. मरताना हात धरून होते माहा, तवाबी वाटलं, आता सांगतील. नवऱ्याले बाजू असते बाबू. सभापतीले नसते."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. ती म्हणाली, "आता मी रोज विचारतो त्याईले. दुपारी. काम झालं की."

"उत्तर देतात का?" हे मी विचारलं. गमतीनं नाही.

"द्यायचं आहे अजून. म्हनून त मी कुठी जात नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं. थेट, मधे खुर्ची न ठेवता. म्हणाला, "तू बुधवार-शनिवार ये. बाकीचं मी बघतो." मी हो म्हटलं. दोन वर्षांनी आम्ही बोललो ते एवढंच, आणि त्यातही त्याने मला दोनच दिवस दिले.

तर आता बुधवारी मी अर्धी रजा टाकून जातो. परवा दुपारी तिच्यासाठी चहा केला आणि कप घेऊन बैठकीच्या दाराशी आलो. आत ती बोलत होती, हळू आवाजात. रागाने नाही, सवयीने. शाळा, उमरेडची बस, कोणत्या साली काय. मग ती थांबली. पुढच्याला बोलू द्यायला माणूस थांबतो तशी.

मी आत जायला हवं होतं. गेलो नाही. खोली इतकी शांत होती की काही आलं असतं तर मलाही ऐकू आलं असतं, आणि मी, कप धरून, कान देऊन उभा होतो. बराच वेळ. चहावर साय धरली. मग वेत करकरल्यासारखं वाटलं. मांजर असेल, पण काकूकडे मांजर नाही.

मी चहा परत गरम करून आणला. "आलं का गा काही ऐकू?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. तिने डाव्या हाताने कप घेतला आणि म्हणाली, "शनिवारी ये मंग."