काष्टीचे एकच काळीज

माझा कप रिकामाच राहू द्या. तुम्ही प्या. मी चहा का घेत नाही, हे तुम्ही आजवर अनेकदा विचारलेत आणि मी प्रत्येक वेळी विषय बदलला. आज सांगून टाकतो. मात्र मध्येच हसू नका, कारण गोष्ट तशी भयाण आहे. शेवटी हसलात तर माझा नाइलाज आहे.

लढाईचे दिवस होते. मी मुंबईला एम.डी.चा अभ्यास करीत होतो. आमच्या सरांचा दंडक असा, की पदव्युत्तर विद्यार्थ्याने काही महिने खेड्यातल्या दवाखान्यात काढल्याखेरीज ते त्याच्या प्रबंधाकडे ढुंकून पाहणार नाहीत. निघताना मला म्हणाले, "तिथे क्ष-किरण नाहीत, कार्डिओग्राफ नाही. डोळे वापरा, हात वापरा, पण शेवटचा निकाल कानांचा!"

हे वाक्य मी किती निष्ठेने पाळावे? ऐकाच.

काष्टी गावच्या दवाखान्यात रुजू झालो आणि पहिल्याच पंधरवड्यात मला हिवतापाने गाठले. तो ओसरून मी उठलो, खिळ्यावरचा स्टेथोस्कोप काढला, स्पिरिटने बाहेरून स्वच्छ पुसला आणि वॉर्डात गेलो. पहिल्या रोग्याच्या छातीवर टेकवला. ठोके नीट चालले होते, आणि चालता चालता एक ठोका गळाला! क्षणभर सारे स्तब्ध. मग धप्पकन एक मोठा ठोका.

दुसऱ्या रोग्याचे तेच. तिसऱ्याचेही तेच! खाटेखाटेवर तीच लय, तीच स्तब्धता, तोच धप्प. जणू त्या वॉर्डात माणसे अनेक होती आणि काळीज एकच होते.

आमचे कंपाउंडर गोविंदराव मुरलेले गृहस्थ. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मनगटावर तर नाडी नीट लागते आहे. एकही ठोका गळत नाही."

"तेच तर या विकाराचे वैशिष्ट्य आहे, गोविंदराव!" मी म्हणालो.

श्वासाचे आवाजही सर्वांचे क्षीण येत होते. त्याचीही मी उपपत्ती लावली. विद्वत्तेला काय अशक्य आहे? त्या मुलखात हृदयविकाराची गुप्त साथ आहे, असे ठरवून मी प्रबंध लिहायला घेतला आणि सर्वांचा चहा, तंबाखू बंद केला. बाजाराच्या दिवशी बैल घेऊन आलेले धट्टेकट्टे शेतकरी धरून तपासले. त्यांचेही तेच! त्यांना मी घरी जाऊन पडून राहायला सांगितले.

"पडून? आन् बैल कोन इकनार, तुमी?" एकाने विचारले. त्याचे बरोबरच होते म्हणा.

अशात एके दिवशी, ऐन उन्हाच्या वेळी, सोपान नावाचा शेतकरी दवाखान्यात आला. त्याचे वडील, आबा, फार म्हातारे. ते सकाळी गेले होते.

"सायब, येकदा तुमच्या नळीनं बघून घ्या. समदं झालंय, पर मनाला शंका नगं."

आम्ही गेलो. अंगणात बांबू आणून तिरडी बांधणे चालले होते. ऊन इतके, की लिंबावरचा कावळासुद्धा गप्प होता. आत आबांना जमिनीवर ठेवले होते. तोंडात तुळशीपत्र. हात थंड, नाडी नाही, डोळ्यांत जीव नाही. नाकाशी धरलेला आरसा स्वच्छ राहिला. माझी खात्री पटली होती. पण शेवटचा निकाल कोणाचा? कानांचा!

मी हात वर केला. रडणाऱ्या बायका एकदम थांबल्या. त्या शांततेत मी नळी कानांत घातली, आबांच्या छातीवर टेकवली...

ठोके! स्वच्छ, नियमित ठोके. मग एक गळाला. मग धप्प.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी पुन्हा ऐकले. ठोके वाढले होते! मी जितका घाबरत होतो तितके ते प्रेत जोरात धावत होते.

"थांबा," मी म्हणालो. "तिरडी थांबवा. हृदय चालू आहे."

मग शेजारच्या धुरपदाआजी काठी टेकत पुढे आल्या.

"नाडी हाय का?"

"नाही."

"सास?"

"नाही."

"आंग?"

"थंड."

"आन् काळीज पळतंय?"

"हो. वेगाने."

आजींनी आबांकडे पाहिले, मग माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, "मंग आत कोन हाय, डाक्टर?"

दारातली गर्दी ओसरत गेली. अंगणातले तिरडी बांधणारे दोरी टाकून रस्त्यावर गेले. बायका लेकरे उचलून पांगल्या. विज्ञानाच्या नावाने मी भर दुपारी गावात भूत उभे केले होते!

सोपान तेवढा हलला नाही. बापाच्या पायाशी बसून मला म्हणाला, "सायब, खरं सांगा. आबा हाय का न्हाई? हाय तर मी दूध आनतो. न्हाई तर नेतो. पर ह्ये मधलं कायतरी नगं."

मी भिंतीला टेकून बसलो. नळी कानांतच होती. तिचे टोक हातातून सुटून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडले.

ठोके चालूच होते.

जमिनीला काळीज? मी ते टोक जात्याच्या पाळीवर ठेवले. दगड धडधडत होता. भिंतीवर ठेवले. भिंत धडधडत होती. अखेर मी ते नुसते हवेत धरले. त्या रिकाम्या घरातली हवासुद्धा धडधडत होती! एक ठोका गळाला... आणि धप्प माझ्याच छातीत बसला.

मी नळी कानांतून उपटली. सगळे शांत.

टोक उजेडात धरून आत डोकावलो. मी तापात पडलो असताना कुंभारमाशीने आत मातीचे घर बांधून नळीचे भोक पक्के लिंपून टाकले होते. त्यातून बाहेरचे काही ऐकू येणे शक्यच नव्हते. बंद कानांत जे घुमत होते ते माझेच रक्त आणि माझाच श्वास.

"सोपानराव," मी म्हणालो, "आबा गेले. सकाळीच गेले. चूक माझी."

तेवढ्यात बाहेर हंबरडा ऐकू आला. पारनेरकडे दिलेली आबांची लेक सर्व्हिस मोटारीने येऊन पोहोचली होती. बापाचे तोंड तिला दिसले. सोपानने डोळे पुसले आणि माझ्यापुढे हात जोडले. "तुमी थांबीवलं म्हून घावला तिला बाप." मला जमिनीने पोटात घेतले असते तर बरे झाले असते. पण तिचे ठोके मी नुकतेच ऐकले होते, तोही धीर होईना!

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डातल्या सर्वांना चहा परत दिला. गोविंदरावांनी तो स्वतः उकळला. साखर सढळ हाताने घातली.

मुंबईला परतल्यावर सरांना सर्व सांगितले. ते हसले नाहीत. मला टेबलावर आडवे केले, आपला स्टेथोस्कोप माझ्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले.

"प्रबंध फाडू नका," ते म्हणाले. "लय अगदी लिहिली आहे तशीच. निदान अचूक आहे! रुग्णाचे नाव तेवढे प्रत्येक पानावर चुकले आहे."

आणि त्यांनी माझा चहा बंद केला.