ड्रायव्हरमामांची तहान

एसटीत कंडक्टर म्हणून लागलो तेव्हा माझी ड्युटी मुक्कामाच्या गाडीवर होती. संध्याकाळी धाराशिवहून निघायचं, लोहाऱ्याच्या पुढं एका खेड्यात रात्री थांबायचं आणि सकाळची फेरी घेऊन परत. ड्रायव्हर वयानं बरेच मोठे, मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या हातून गाडीला साधा ओरखडाही पडला नव्हता. हे ते स्वतः सांगत नसत, डेपोतले इतर सांगायचे.

आम्ही दोघं गाडीतच झोपायचो. हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, मामा रात्रीतून सारखे उठतात. लघवीला जायचं, आल्यावर घटाघटा पाणी प्यायचं, पडायचं, की थोड्या वेळानं पुन्हा तेच. तळपायांची आग होते म्हणून एवढ्या थंडीतही पाय पांघरुणाबाहेर.

एकदा न राहवून म्हणालो, "मामा, माझ्या वडलांचं असंच सुरू झालं होतं. शुगर तपासून घ्या."

"वय झालंय रे, दुसरं काय न्हाय." मग हळूच म्हणाले, "अन् निघाली तर? स्टेअरिंग काढून घेतील. म्या काय करू मग?"

"मागं गाडीभर माणसं असतात, मामा."

त्यांनी कूस बदलली. दुसऱ्या दिवशी येतानाही बोलले नाहीत. लई मोठं बोलून बसलो, असं वाटत राहिलं.

पुढच्या मुक्कामाला सकाळी हॉटेलवाल्यानं चहा पुढं केला, तर मामांनी हात आडवा केला. धाराशिवला गाडी लावल्यावर म्हणाले, "चल दवाखान्यात. उपाशीपोटी रक्त घेत्यात ना?"

शुगर निघाली, चांगलीच वाढलेली. मामा तिथून घरी गेले नाहीत, सरळ डेपोत साहेबांपुढं उभे राहिले. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत मला गाडी देऊ नका," म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं. मी दाराशी उभा होतो.

काही आठवडे त्यांनी डेपोत बसून काम केलं. गोळ्या घेतल्या, गोड सोडलं, रोज चालले. डॉक्टरांनी लिहून दिल्यावर पुन्हा आमची जोडी लागली. रात्री आता ते घोरत पडायचे आणि जागा मी राहायचो.

नव्या ड्रायव्हरांना मामा तोंडावर विचारत, "रात्री कितींदा उठतो रे?" हसणारेही पुढं तपासून आले, त्यातल्या दोघांना वेळेवर कळलं.

मामा आता निवृत्त आहेत. मी अजून नोकरीत आहे, आणि त्यांच्या गाडीचा कंडक्टर होतो हे नव्या पोरांना आवर्जून सांगतो.